जरा मागे सरकता का?

कॅमेरा घ्यायला माणूस दुकानात एकदा जातो, लेन्स घ्यायला जातच राहतो. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात शनिवारी दुपारी चक्कर मारा, हा प्राणी हमखास भेटेल. काउंटरवरची लेन्स तो दोन्ही हातांत घेतो, जड आहे याची खात्री करून सुखावतो, कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखतो आणि सोबतच्या मित्राला म्हणतो, "शार्प आहे रे!" पाटी 'येथे गाडी लावू नये' अशी असते. ती वाचायला चष्मासुद्धा पुरला असता, पण ते असो. दुकानदार आधी बजेट विचारतो, मग बॉडी कुठली ते विचारतो. जे विचारायला हवं ते राहूनच जातं : साहेब, तुम्हाला लोकांपासून किती लांब उभं राहायला बरं वाटतं?

फोटो काढणाऱ्यांच्या संगतीत माझे बरेच रविवार गेले आहेत आणि त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. लेन्सचे पैसे खिसा देतो, पण तिची निवड स्वभाव करतो. लग्नात मांडवभर हिंडणारा वाइड घेतो. कोपऱ्यात उभं राहून सगळं न्याहाळणारा टेली घेतो. आणि ज्याला माणसांचाच कंटाळा आलाय तो मॅक्रो घेऊन गवतात आडवा होतो. याला अपवाद असतात. ते तिन्ही घेतात आणि घरी एकाचीच किंमत सांगतात.

आमच्या घरी अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याची लेन्स निघत नसे आणि 'झूम' हा शब्द घरात कुणी ऐकलेला नव्हता. चौकटीत आत्या मावत नसली तर बाबा दोन पावलं मागे जात, फारच चिमुकली दिसत असली तर पुढे येत. मागे जाताना पायरी, गटार, गाय असं जे जे वाटेत येई ते आई ओरडून सांगे. हल्ली याला पायांचा झूम म्हणतात आणि शिबिरात पैसे घेऊन शिकवतात.

बाबांना माहीत नव्हतं, पण ते अगदी मुळावरच बोट ठेवून होते. चेहरा कसा दिसणार, म्हणजे नाक किती पुढे आणि कान किती मागे, हे लेन्सवर ठरतच नाही. ते ठरतं कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब आहे त्यावर. हातभर अंतरावरून फोटो काढला की नाक हे कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बरंच जवळ असतं, म्हणून ते अंगावर येतं. तोच माणूस दहा फुटांवर उभा राहिला की नाक-कानांतला हा फरक किरकोळ होतो आणि चेहरा ओळखीचा वाटू लागतो. त्या अंतरावरून किती भाग चौकटीत घ्यायचा, एवढंच लेन्सकडे उरतं. ८५ मिलिमीटरची लेन्स 'पोर्ट्रेट लेन्स' म्हणून मिरवते, त्यात तिची थोरवी इतकीच की ती आपल्याला समोरच्यापासून सभ्य अंतरावर नेऊन उभं करते.

आता सभ्य अंतराला जागा लागते, आणि ती आपल्याकडे कुठे आहे? हौशी माणसाचा कॅमेरा बहुधा लहान सेन्सरचा असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचा. त्यावर ८५ लावून कंबरेपर्यंतचा फोटो घ्यायचा तर सव्वातीन मीटर, म्हणजे जवळपास अकरा फूट मागे जावं लागतं. फ्लॅटमधली खोली दहा बाय बारा; त्यात पलंग, कपाट आणि कपाटावरच्या बॅगा. माझ्या एका मैत्रिणीने हौसेने ही लेन्स घेतली आणि सुनेच्या डोहाळजेवणाला तिचं उद्‌घाटन केलं. फुलांची वाडी भरून सूनबाई सोफ्यावर बसलेल्या. सासूबाई कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे जात पॅसेजमध्ये पोचल्या, तिथून दाराबाहेर, तिथून लिफ्टपाशी. तिथून मात्र फोटो झकास येत होता. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि ओटीचं सामान घेऊन आलेल्या विहीणबाईंनी पाहिलं की यजमानीणबाई घराबाहेर उभ्या राहून आत बघून ओरडतायत, "हस की गं जरा!"

म्हणून व्यवहारी माणसं पन्नासवर थांबतात. हीच ती 'निफ्टी फिफ्टी', ५० मिलिमीटर, एफ १.८, बहुतेक कंपन्यांच्या यादीतली सगळ्यात स्वस्त किंवा तिच्या शेजारची लेन्स. लहान सेन्सरवर ती लावली की तोच कंबरेपर्यंतचा फोटो सहा-सव्वासहा फुटांवरून येतो, म्हणजे निदान घराबाहेर जावं लागत नाही. शिवाय तिच्यात उजेड भरपूर येतो. हे एफचं गणित उलटं असतं : आकडा लहान तेवढं भोक मोठं. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स पूर्ण लांब केली की एफ ५.६ वर येऊन बसते. तिच्या तुलनेत एफ १.८ मधून जवळपास दहापट उजेड आत येतो. दिवाळीत पणत्यांच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढायचा असेल तर किट लेन्स हात टेकते आणि ही पन्नास रुबाबात पुढे येते.

पण दहापट उजेडाची वसुली दुसरीकडून होते. भोक जितकं मोठं, तितका फोकसमध्ये राहणारा पट्टा अरुंद. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातले काही प्रसंग निव्वळ मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यासाठी त्याने झाइसने नासासाठी बनवलेली एफ ०.७ ची लेन्स मिळवली होती. तिचा पट्टा इतका बारीक की नटांना फार हलायची सोय नव्हती. अठराव्या शतकातली उमराव मंडळी कशी संथ, भारदस्त बसलेली दिसतात. त्या भारदस्तपणात लेन्सचाही वाटा आहे. आमच्याकडच्या मंडळींना असं बसवणं अवघड. पाडव्याला काकूंचा फोटो काढावा, तर क्लिक व्हायच्या क्षणी त्या फराळाचं ताट पुढे सारून दोन बोटं मागे रेलतात. फोटोत नथ अशी शार्प येते की मोती मोजून घ्यावेत, आणि डोळे धुक्यात. काकू बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "नथ छान आलीय हो."

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने मात्र जवळजवळ सगळी हयात लायका कॅमेरा आणि पन्नासच्या लेन्सवर काढली. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. पुढच्या अंत्ययात्रेचे त्याचे फोटो आजही पाहणाऱ्याला त्या गर्दीत नेऊन सोडतात. एकच लेन्स वर्षानुवर्षं वापरली की डोळ्यालाच चौकट दिसायला लागते म्हणतात. कॅमेरा वर घेण्याआधीच पाय योग्य जागी गेलेले असतात. त्याच काळात आपल्या होमाई व्यारावाला दिल्लीत काम करत होत्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखं कॅमेऱ्याचं धूड वागवत पुढाऱ्यांचे फोटो काढणाऱ्या. आजचे तरुण बॅगेत चार लेन्सा घालून पाठदुखीची तक्रार करतात तेव्हा मला त्या आठवतात. तक्रार मात्र मीही करते.

पाठदुखीवरून थेट भिगवणला जावं लागेल. थंडीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्यामागोमाग टेलीवाले. पहाटे डिकसळ किंवा कुंभारगावच्या काठावर उभं राहिलं की अंधारात आधी माणसं दिसत नाहीत, लेन्सा दिसतात. १५०-६०० ही तिथली सर्वसामान्य नागरिकाची लेन्स. वजन दोन किलोच्या आसपास. ६०० एफ ४ म्हणजे सरदार घराणं, किंमत दहा लाखांच्या वर, अंगावर पानापानांचा जंगली अंगरखा. पाण्याच्या मधोमध, होडीत, भर उघड्यावर हा पानांचा वेष नेमका कुणापासून लपायला घालतात हे मला कळलेलं नाही. पक्ष्यांनाही कळत नसावं.

खरी मजा होडी निघाल्यावर सुरू होते. सहाशे मिलिमीटरची लेन्स माणूस का घेतो? लांबून फोटो काढता यावा म्हणून. पण होडीतला प्रत्येक सहाशेवाला नावाड्याला एकच सांगत असतो, "दादा, अजून थोडं पुढे घ्या." पाचशेवालाही तेच सांगतो. मी एकदा साध्या ७०-३०० वर होते आणि लाजेकाजेस्तव गप्प बसले होते, तर आमचा नावाडी माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा ह्यांना. आणखी पुढं गेलो की उडत्याल बघा." सांगून कोण ऐकतो! होडी चार वल्ही पुढे गेली आणि आख्खा थवा सावध झाला. रोहित एकदम उडत नाही. आधी मान उंच करतो, शेजाऱ्याकडे बघतो, मग चालायला लागतो, मग पाण्यावरून धावतो, आणि त्या धावण्यातून केव्हा वर उचलला जातो ते कळत नाही. पंख उघडले की आतला तो लालगुलाबी रंग आणि काळी किनार दिसते, मान पुढे आणि पाय मागे ताणलेले. हे सगळं मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. कारण सहाशेवाल्यांच्या चौकटीत एवढ्या जवळून एका पक्ष्याचा पायच मावत होता, आणि ते घाईघाईने लेन्स आखडायच्या मागे होते. ज्यांचं सरदार घराणं झूम न होणारं होतं, त्यांच्या तोंडून मी काही शब्द ऐकले.

आणि उन्हं वर आली की या लेन्सांची आणखी एक फजिती होते. पाणी आणि वरची हवा यांच्या तापमानात फरक पडला की हवा थरथरायला लागते. दूरचा पक्षी मग दहा लाखांच्या काचेतूनही उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. लेन्समध्ये दोष नसतो. मधे जी दोनशे मीटर हवा आहे, तीही फोटोत येते. तेव्हा जाणती मंडळी कॅमेरे बॅगेत घालून काठावर येतात आणि चिलापीच्या कालवणाची चौकशी करतात.

टेलीचा दुसरा उद्योग जास्त नाजूक आहे. लांबून काढलेल्या फोटोत मागची-पुढची माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. शिवाजी पार्कवर सभा झाली की दुसऱ्या दिवशी दोन फोटो फिरतात. एकात मुंगी शिरायला जागा नाही. तो व्यासपीठाच्या उंचीवरून, लांबून, टेलीने काढलेला. दुसऱ्यात माणसं विखुरलेली, मधे मोकळं मैदान आणि एक शेंगदाणेवाला. तो विरोधकांच्या फोटोग्राफरने मागच्या कडेला उभं राहून वाइडने काढलेला. दोघांनीही खरं तेच टिपलेलं असतं, सभाही तीच, वेळही कदाचित तीच. वर्तमानपत्रांनी फोटोखाली मथळ्याऐवजी मिलिमीटर छापले तर राजकारणाचं निम्मं आकलन सोपं होईल.

वाइड लेन्सबद्दल लोकांचा एक भाबडा समज असतो की डोंगर मोठा, म्हणून त्याला वाइड हवी. वाइडने डोंगर मावतो, पण बापुडवाणा होतो. सह्याद्रीच्या एकामागे एक उतरत गेलेल्या निळ्या रांगा हव्या असतील तर टेलीच काढावी. वाइड खरी लागते ती हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर. तो अर्धगोल कडा एका टोकाला उभं राहून एका चौकटीत घ्यायचा म्हणजे दुसरा इलाज नाही, कारण तिथे मागे सरकायला जागा असली तरी मागे सरकलं की कडा दिसत नाही, आणि पुढे सरकायचा प्रश्नच येत नाही.

मॅक्रोवाल्यांविषयी मला मनातून आदर आहे. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तिथे गर्दी फार. शनिवार-रविवारी बाकीचे लोक तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापुढे हात पसरून फोटो काढून घेत असतात. मॅक्रोवाला त्या वेळी वाटेच्या कडेला पोटावर पडलेला असतो, आणि त्याच्यासमोर सीतेच्या आसवांचं करंगळीच्या नखाएवढं निळं-जांभळं फूल. फुलाइतकीच मोठी प्रतिमा सेन्सरवर पाडायची तर एफ ८ लाही फोकसचा पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा. वाऱ्याची झुळूक आली की फूल त्या मिलिमीटरातून बाहेर. माणूस श्वास रोखतो, वारा थांबतो, फूल परत येतं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी विचारतं, "काका, काही पडलंय का तुमचं?" मॅक्रोतही अंतराची निवड असतेच. शंभरची घेतली तर किड्यापासून पाच-सहा इंच लांब राहता येतं. साठची घेतली तर त्याच्या निम्म्यावर जावं लागतं, मग आपलीच सावली पडते आणि किडा उठून जातो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट पानावर अडकलेला किडा तेवढा जागचा हलत नाही. त्याचा फोटो काढताना मात्र थोडं अवघडल्यासारखं होतं.

चिकाटीचं म्हणाल तर दादासाहेब फाळके या मंडळींचे मूळपुरुष. १९१२ साली त्यांनी विलायतेहून सिनेमाचा कॅमेरा आणला आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून आधी कुंडीतल्या वाटाण्याचं बी रुजून त्याचा वेल होईपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. वाटाण्याने हलू नये अशी त्यांची अपेक्षा नव्हती. उलट हलावं म्हणून ते थांबले.

लेन्सांची ही सगळी जातपात जूनमध्ये संपते. पाऊस सुरू झाला की सगळ्यांना एकच रोग होतो : बुरशी. हवेतल्या दमटपणाने काचेच्या आत बारीक पांढरे तंतू फुटतात आणि मुळांसारखे पसरतात. वेळीच उघडून पुसलं नाही तर वरच्या कोटिंगवर कायमचा डाग. कोकणात तर एका पावसाळ्यात काम तमाम. उपाय सोपा आहे. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एक छोटा आर्द्रतामापक, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे ठेवायचा. काही घरांत लेन्स तांदळाच्या डब्यात खुपसतात. त्याने बुरशी टळत नाही, पण झूमच्या खाचांत तांदळाचं पीठ जाऊन बसतं. बुरशीला घरात सगळ्यात आवडते ती कपाटात, पाऊचमध्ये, जपून ठेवलेली महागडी लेन्स. किट लेन्सला ती क्वचित धरते. बिचारी रोज बाहेर असते.

"आत्या, एवढा खटाटोप कशाला? माझ्या फोनलाच तीन लेन्स आहेत," असं भाचा म्हणतो. खरंच आहेत, अति-वाइड, साधी आणि टेली, तिन्ही नखाएवढ्या आणि बुरशीमुक्त. पण त्याचे फोटो बघावेत तर तो नेहमी चौथी वापरतो, समोरच्या बाजूची. अंतर दोन फूट, त्यातही हात पूर्ण ताणल्यावर. मग तेच, नाक पुढे आणि रायगड मागे.

अंतराचा हा सगळा तिढा आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका ठिकाणी येतो. विसर्जनाआधी सगळ्या सभासदांचा एक फोटो, असा नियम आहे आणि तो काढायचं काम माझ्याकडे आहे. एका बाजूला मांडव, समोर पार्किंग, म्हणजे मागे सरकायला एका गाडीच्या बॉनेटपर्यंतच वाव. वाइडशिवाय गत्यंतर नाही. आणि वाइडमध्ये कडेची माणसं पसरतात. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, १६ मिलिमीटर लावली तर अगदी टोकाचा चेहरा जवळजवळ दीडपट रुंद येतो. हे रहस्य कुणाला माहीत नव्हतं तोवर सगळं सुरळीत होतं. एका वर्षी कुणीतरी सगळ्यांना सांगितलं. आता आरती संपली की मधल्या जागांसाठी रेटारेटी होते, ज्येष्ठ नागरिक अचानक चपळ होतात, आणि पत्रिकेत पहिलं नाव असणारे चेअरमन दरवर्षी डाव्या टोकाला सापडतात. मागच्या वर्षी मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ३५ ने फोटो काढून पाहिला. कुणीही पसरलं नाही, पण वरून टकलं मोजता येत होती आणि ती मोजलीही गेली.

आता येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'फोटोसाठी उत्तम प्रतीची लेन्स खरेदी करणे' असा विषय आला आहे. खजिनदारांनी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली आहेत. पार्किंगमधल्या गाड्या तासभर बाहेर लावाव्यात, असा बिनखर्चाचा ठराव मी दिला आहे. त्याला अजून अनुमोदक मिळालेला नाही.